बेंबी जागेवर होती

“बाय, बेंबी जागेवर हाय.”

रविवारची दुपार, चहाचं आधण ठेवलेलं, आणि फोनवर पहिलंच वाक्य हे. पलीकडे लाउडस्पीकरवर कबड्डीची कॉमेंट्री, शिट्ट्या, आणि त्या गोंगाटात ताराआत्याचा आवाज. मी गॅस बंद केला, क्लिनिकच्या किल्ल्या उचलल्या आणि घरातल्याच चपलांवर जिना उतरले. नवरा मागून विचारत होता, “कोण गेलं?” मी खालूनच ओरडले, “अजून कुणी नाही.”

आता बेंबी जागेवर असणं ही खरं तर आनंदाची बातमी. ती ऐकून साठीच्या बाईनं रस्त्यानं धावत का सुटावं, हे कळायला आधी माझा धंदा कळायला हवा. मी सोनोलॉजिस्ट. कोपरखैरण्यात तळमजल्यावर माझं सोनोग्राफी क्लिनिक आहे. दिवाळी अंकाच्या संपादकांनी “तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहा” म्हटलं तेव्हा त्यांना बहुधा बाळांच्या गोष्टी हव्या असणार. त्या पुष्कळ आहेत, पण बाळांवर लिहायला खूप जण आहेत. मी पुरुषांच्या वृषणांवर लिहिणार आहे. फराळ करता करता हे वाचवणार नसेल त्यांनी चकली संपवून यावं, मी थांबते.

माझ्या खोलीत कायद्यानं लावलेली एक पाटी आहे: “येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.” ती बरोबर अशा ठिकाणी आहे की टेबलावर आडवा झालेला माणूस दुसरीकडे बघूच शकत नाही. पावणे एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधला एखादा फिटर, बाईडॉक्टर बघून आधीच अर्धमेला झालेला, कमरेवर चादर घेऊन पडतो आणि त्याची नजर पाटीवर जाते. मी म्हणते, “थंड आहे हं,” आणि जेल लावते. आयुष्यात मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेलं वाक्य हेच असेल. मग तो घसा खाकरून विचारतो, “मॅडम, मुलगा का मुलगी?” दर चौथा माणूस हा विनोद आपणच पहिल्यांदा केला अशा थाटात करतो, आणि मी दर वेळी हसते. कारण हसला की माणूस सैल पडतो आणि मला नीट बघता येतं.

आणि बघण्यासारखं असतंच हो. हा अवयव मला मनापासून आवडतो, हे मी आज पहिल्यांदा छापून आणते आहे. बाहेर असते ती नुसती पिशवी, अंडकोष. आतल्या दोन गोळ्या म्हणजे वृषणं. एकेक साधारण लहानशा चिकूएवढी, हाताला उकडून सोललेल्या अंड्यासारखी: गुळगुळीत, थोडीशी दबणारी. पडद्यावर तर बघत राहावं, बारीक रव्यासारखं एकसारखं करडं. कुठं गाठ नाही, डाग नाही. त्यावर कलर डॉप्लर टाकला की जिथं रक्त वाहतंय तिथं लाल-निळे ठिपके लुकलुकायला लागतात. इतकी वर्षं झाली, अजून ते ठिपके दिसले की मला बरं वाटतं.

शरीरानं एवढा मोलाचा माल तिजोरीत न ठेवता बाहेर का टांगला, तर त्याला गारवा लागतो. उकाड्यात पिशवी सैल होऊन खाली येते, थंडीत आखडून वर जाते, आणि मला बघूनही वर जाते. डावं बहुतेकांचं उजव्यापेक्षा जरा खाली असतं. एक किंचित मोठं असणंही नेहमीचंच. हे कुणी कुणाला सांगत नाही, त्यामुळे काय होतं ते ऐका.

तळोज्याच्या एका कारखान्यातला इंजिनिअर माझ्याकडे आला होता. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, चेहरा सुतकी. त्यानं इंटरनेटवर इतकं वाचलं होतं की निदान स्वतःच करून आला होता. “मॅडम, उजवा वर सरकलाय. आणि डाव्याच्या मागे गाठ आहे. खरं असेल ते सांगा, मुलं लहान आहेत.” मी दोन्ही बाजू बघितल्या. मग पडदा त्याच्याकडे वळवला आणि म्हटलं, “उजवा जागेवर आहे, डावा जन्मापासूनच खाली आहे. आणि मागची ती गाठ नाही, तो तुमचा एपिडिडायमिस आहे. वृषणाला मागून चिकटलेली मऊ गुंडाळी. शुक्राणू तिथं राहून पक्के होतात. सगळ्यांना असते.”

“सगळ्यांना?”

“दोन्ही बाजूंना.”

त्यानं लगेच चादरीखाली उजवीकडे चाचपून खात्री करून घेतली. आणि मग त्या माणसानं जेलनं बरबटलेल्या हातानं माझा हात हातात घेऊन जो हलवला, तसा दहावीच्या निकालालाही कुणी हलवत नाही. पण मी त्याच्यावर हसले नाही. चुकीच्या गोष्टीला घाबरून आला तरी आला, हे मला पसंत आहे. त्याला म्हटलं, आता नेहमीचं कसं लागतं ते हाताला कळलंय ना, तर महिन्यातून एकदा गरम पाण्यानं अंघोळ झाल्यावर, पिशवी सैल असताना, एकेक गोळी अंगठा आणि बोटांमध्ये हलके फिरवून बघत जा. आपलं आपल्याला पाठ असलं की नवं काही आलं तर लगेच कळतं.

न घाबरणारे मला जास्त छळतात. पावण्यातला एक वेल्डर आला होता, तिशीचा. उजव्या वृषणावर खड्यासारखी कडक गाठ. दुखत नव्हती. ती आल्याला वर्ष होऊन गेलं होतं. “दुखत नव्हती ना मॅडम, मग कशाला कामावर खाडा करायचा?” तो आला तो कंबर धरून, कारण तोवर कॅन्सर पोटातल्या लसिकागाठींपर्यंत पोचला होता. हा कॅन्सर तरुण पोरांना होतो, आणि लवकर सापडला तर इतका बरा होतो की डॉक्टरांनाही त्यावर उपचार करायला हुरूप येतो. वेल्डरही वाचला. पण एका छोट्या ऑपरेशनवर जे भागलं असतं त्यासाठी त्यानं महिनोन्‌महिने केमोथेरपी सोसली, केस गेले, काम गेलं. दुखेल तेवढाच आजार, ही समजूत आपल्या हाडात मुरली आहे. वृषणावर कडक गाठ, एका बाजूचा जडपणा, आकारात नव्यानं पडलेला फरक, हे दुखत नसलं तरी डॉक्टरला दाखवायचं, नव्हे, दुखत नाही म्हणून जास्त लवकर दाखवायचं. त्या वेल्डरची आठवण आली की अजून माझा जीव हळहळतो.

आणि दुखत असेल तर? तिथंच ताराआत्या येते.

ताराआत्या म्हणजे आमच्या कोपरखैरण्यातल्या जुन्या गावाची आत्या. एके काळी घरची शेती होती, आता तिथं चार मजली इमारत आहे आणि आत्या तिची मालकीण. भाडेकरूंवर तिचा वचक आणि पोटांवर तिचा हात. बेंबी बसवणं हे तिचं खास काम. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: पोटात दुखायला लागलं, मळमळलं की बेंबीपाशी लागणारे ठोके जागेवरून सरकले असं जुनी माणसं मानतात. मग आत्यासारखी बाई अंगठ्यानं ते ठोके शोधते, तेल लावून चोळून चोळून मध्ये आणते, कधी बेंबीवर पेटती पणती ठेवून तिच्यावर तांब्या उपडा घालते. गॅसनं दुखत असलेलं पोट चोळल्यानं थांबतंही, त्यामुळे आत्याचा लौकिक मोठा.

ती माझ्याकडे पहिल्यांदा आली ती पित्ताशयातल्या खड्यांसाठी. खडे बघून झाले तर उठेचना. “बाय, तुझे मशीनान सगला दिसतंय ना? मंग बेंबीचे ठोके दाखव.”

मला असल्या फर्माइशी फार आवडतात. मी प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा दांडा, बेंबीच्या वर ठेवला आणि महाधमनी दाखवली, हृदयातून निघून पाठीच्या कण्याला लागून खाली जाणारी, शरीरातली सगळ्यात मोठी रक्तवाहिनी. पडद्यावर ती धडधडत होती. आत्यानं माझ्या प्रोबशेजारी आपला अंगठा रोवला आणि अंगठ्याखालचा ठोका आणि पडद्यावरचा ठोका एकदमच पडतोय हे तिच्या लक्षात आलं. तिचे डोळे चमकले.

“माझे अंगठ्याला रोज भेटतंय हा. आज तोंड बघितला त्याचा.”

मी म्हटलं, “आत्या, पण ही कण्याला धरून आहे. सरकत नाही.”

“तुझी मशीन परवा आली. माझा अंगठा साठ वर्सांचा हाय.”

यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण इतकी पोटं जिच्या हाताखालून जातात तिला रिकाम्या हातानं सोडणंही माझ्या स्वभावात नाही. म्हटलं, “बसवा बेंब्या. फक्त एक करा. मुलगा असेल, वयात आलेला पोरगा, आणि एकाएकी पोटात कळ येऊन उलटी झाली असेल, तर तेलाला हात लावायच्या आधी खाली बघा.”

“खाली कंचा?”

सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. “अगो, खालचा आनि पोटाचा काय नाता?”

“वृषणं जन्माआधी पोटात, मूत्रपिंडापाशी तयार होतात. मग उतरतात खाली. एखाद्या बाळाची उतरत नाहीत, पिशवी रिकामी लागते, तर तेही पहिल्या वर्षाच्या आत दाखवायचं असतं. उतरताना रक्ताची नळी आणि नसा वरूनच घेऊन येतात. तुमचा भाडेकरू तळमजल्यावर राहायला गेला तरी मीटर जुन्याच मजल्यावर राहिलं, तसं. दुखतं खाली, कळ उठते पोटात. आणि पोरं लाजेनं पोटच सांगतात.”

मीटरचं तिला झटकन पटलं. मग मी दोराचं सांगितलं. वृषण वरून एका दोरावर लोंबतं, त्याच दोरातून त्याला रक्त मिळतं. काहींचं वृषण पिशवीत नीट चिकटलेलं नसतं, घंटेतल्या लोलकासारखं मोकळं असतं. ते खेळताना, कधी झोपेतसुद्धा, स्वतःभोवती गरकन फिरतं, दोराला पीळ पडतो आणि रक्त बंद. चोळून, शेकून, गोळी घेऊन तो पीळ सुटत नाही, डॉक्टरनंच सोडवावा लागतो.

“आनि नाय सोरवला तं?”

“साधारण सहा तास हातात असतात. पुढे एकेक तासाला आशा कमी. दुसऱ्या दिवशी गेलो तर बहुतेक मेलेलंच सापडतं. मग ते सुकून शेंगदाण्याएवढं होतं.”

आत्या एकदम गप्प झाली. एरवी निघताना माझ्या पडद्यांच्या रंगापासून सुनेच्या नोकरीपर्यंत सगळ्याची चौकशी करणारी बाई, एक शब्द न बोलता उठून गेली. मला वाटलं, लाजली.

त्यानंतर तिचा फोन आला तो थेट त्या रविवारी.

मैदानावर काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. गावची स्पर्धा, उपांत्य सामना. आत्याचा भाचा निकेश, बावीस वर्षांचा, संघाचा हुकमी चढाईपटू. चढाईत पकड झाली, चार जण अंगावर पडले, निकेश उठला तो पोट धरून. जांघेत लागलं असणार म्हणून आपल्याकडचा पिढीजात उपाय झाला: दोन पोरांनी काखेत हात घालून त्याला उचललं आणि टाचांवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. यामागचं शास्त्र असं की वर चढलेली गोळी त्यानं खाली उतरते. गल्लीक्रिकेटपासून कबड्डीपर्यंत सगळीकडे हे चालतं, आणि मार नुसताच असेल तर दुखणं तसंही थोड्या वेळात ओसरतं, श्रेय टाचांना मिळतं. निकेशचं दीड-दोन तास बाजूला बसूनही ओसरलं नाही. त्याला उलटी झाली. “पोटान दुखतंय,” तो म्हणाला. मग पोरांनी पुढच्या रांगेत बसलेल्या आत्याला बोलावलं, बेंबी बसवायला.

आत्यानं त्याला आडवं केलं, बेंबीपाशी अंगठा रोवला. ठोके बरोबर मध्ये. मग ती म्हणाली, “बॅनर आना.” पोरांनी प्रायोजकांचा बॅनर सोडून चौफेर धरला, त्यामागे आत्यानं भाच्याची चड्डी खाली केली. उजवी बाजू सुजून वर चढली होती. तिनं तेलाची बाटली मागितली नाही. तिनं फोन मागितला.

मी क्लिनिकचं शटर वर करेपर्यंत निकेशला घेऊन मोठी पांढरी गाडी दारात लागली. धावता धावता मी आत्याकडून पोराचं वय आणि वेळ विचारून घेतली होती, त्याला क्लिनिकवर आणायला सांगितलं होतं आणि मग डॉक्टर इम्तियाजना फोन लावला होता. इम्तियाज युरोलॉजिस्ट, मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे, राहायला पुढच्याच सेक्टरला. आम्ही वर्षानुवर्षं एकत्र काम करतो, त्यामुळे फोनवर मी एवढंच म्हटलं, “पीळ वाटतोय, तरुण आहे, दोन तास झालेत,” आणि त्यांनी फोन ठेवलासुद्धा.

निकेशच्या गुडघ्यांना मैदानाची माती होती, जर्सी घामानं चिकटलेली. संघाचा कप्तान त्याला धरून होता. “आत्या, तू भायेर जा ना,” निकेश कण्हत म्हणाला.

“मी न्हाऊ घातलाय तुला. हितंच राहीन.” आणि पोराची लाज राखायला ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मी म्हटलं, “थंड आहे हं,” आणि प्रोब ठेवला. उजवं वृषण फुगलेलं, आडवं झालेलं. वर दोरात भोवरा दिसत होता, स्पष्ट, गोल गोल गुंडाळलेला. डॉप्लर लावला. पडदा करडाच राहिला. लाल नाही, निळं नाही, एक ठिपका नाही.

अशा वेळी दुसरी बाजू बघायचीच असते. शेजाऱ्याशी तुलना करणं हाच आमच्या तपासणीचा कणा आहे. मी प्रोब डावीकडे नेला, आणि थांबले. डावीकडे रवा नव्हता, चिकू नव्हता. सुकलेल्या शेंगदाण्याएवढं काहीतरी होतं. रक्त शून्य.

“निकेश, डाव्या बाजूचं कधी ऑपरेशन झालं होतं?”

“नाय मॅडम.” तो धापा टाकत बोलत होता. “सातवीत असताना पोट दुखलेलं लय. बेंबी सरकलेली. मग बरं झालं आपोआप. तेव्हापासनं तो बारीकच हाय.”

माझ्या मागे भिंतीपाशी हालचाल झाली नाही. पण आत्या त्या दिवशी माझ्याकडून गप्प होऊन का गेली, ते मला त्या क्षणी कळलं. आणि त्याहून वाईट तेही कळलं. लोलकाची ही जन्मजात खोड बहुधा दोन्ही बाजूंना असते. डावीकडे पीळ पडला तेव्हा पोरगा डॉक्टरपर्यंत पोचला असता, तर उजवी बाजूही तेव्हाच टाके घालून पक्की केली असती. पोचला नाही. आता माझ्यासमोर गळफास बसलेलं होतं ते निकेशचं एकुलतं एक वृषण. ते गेलं की मूल नाही, आणि पुरुषी हार्मोन जन्मभर बाहेरून घ्यायचं.

“मॅडम,” निकेश म्हणाला, “पुढच्या महिन्यात लग्न हाय माझं.”

तेवढ्यात इम्तियाज आले. “रंग?”

“शून्य. आणि दुसरी बाजू जुनीच गेलेली आहे.”

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. “ऑपरेशन तर लागेलच. हॉस्पिटलात तयारी करायला सांगितलंय. तोवर हातानं सोडवून बघू. तुम्ही प्रोब हलवू नका.” मग निकेशच्या खांद्यावर हात ठेवून, “बघ दोस्ता, आता आहे त्याच्यापेक्षा जास्त दुखणार. दोन मिनिटं सोस.”

पीळ बहुतेक वेळा आतल्या बाजूला पडतो, म्हणून तो सोडवायचा बाहेरच्या बाजूला, पुस्तकाचं पान उलटावं तसा. हे वाचून घरी कुणी प्रयोग करू नका, पीळ उलटा असला तर आणखी घट्ट होतो. इम्तियाजनी पहिला फेरा दिला. निकेशनं जर्सी दातात धरली. पडदा करडाच. कप्तानानं डोळे मिटून घेतले.

“अजून?” इम्तियाज.

“भोवरा थोडा सैल झालाय. अजून.”

दुसरा फेरा. आणि मी बघते तर पडद्याच्या कडेला एक लाल ठिपका. वाटलं, हात हलला असेल. पण तो विझून पुन्हा पेटला. मग त्याच्या शेजारी दुसरा, मग निळा, आणि मग करड्या रव्यातून लालनिळ्या रेघा अशा आत धावत सुटल्या की मी, एरवी पेशंटसमोर मान डोलवायचीही नाही असा नियम पाळणारी बाई, “आला!” म्हणून चक्क ओरडले. मशीनचा आवाज चालू केला. खोलीभर ठोका भरला. झुप, झुप, झुप.

निकेशनं दातातली जर्सी सोडली. “मॅडम, कमी झालं. कमी झालं एकदम.” इम्तियाज हसत होते आणि हातमोज्याच्या पाठीनं कपाळाचा घाम पुसत होते. मला तर नाचावंसं वाटत होतं. हजारो बाळांचे ठोके मी ऐकले आहेत, पण इतका आनंद फार थोड्या वेळा झालाय.

आत्या भिंतीकडून वळली होती. पडदा बघत तिनं हळूच हात पुढे केला आणि काचेवर त्या लाल ठिपक्यावर अंगठा टेकवला.

“ठोके हायत,” ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी वाशीतल्या हॉस्पिटलात निकेशचं ऑपरेशन झालं. वृषण गुलाबी होतं, जिवंत होतं. इम्तियाजनी ते टाके घालून जागेवर पक्कं केलं, पुन्हा फिरायचं नाव नको. बाहेर बाकावर मी आणि आत्या बसलो होतो. मी तिला म्हटलं की एक धड असलं की पुरतं, लग्नालाही आणि मुलाबाळांनाही. तिनं मान हलवली.

“तवा डावा माझे हातान गेला ना, बाय?”

खोटं बोलणं सोपं होतं. पण ही बाई अंगठ्यानं खरंखोटं ओळखणारी. “पीळच असणार तेव्हा,” मी म्हटलं. “तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आत्या. मलाही शिकवल्यावरच कळलं. आणि आज तुम्ही ओळखलंत, म्हणून हा दुसरा वाचला.”

“सातवीत व्हता. ‘आत्या नको, आत्या नको’ करत व्हता. आनि मी चोलत व्हते.”

मी तिचा तेलकट, खरबरीत हात हातात घेऊन बसले. मला तिची माया वाटत होती आणि वाईटही वाटत होतं, दोन्ही एकाच वेळी.

निकेशचं लग्न ठरल्या दिवशी झालं. हळदीला मी आणि इम्तियाज दोघंही जाऊन नाचून आलो. इम्तियाज वाईट नाचतात.

खरी गंमत पुढच्या स्पर्धेला झाली. उद्‌घाटनाचा नारळ फोडायला मंडळानं आत्यालाच बोलावलं. मला पुढच्या रांगेत खुर्ची, शेजारी निकेशची बायको मानसी. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, आणि आत्यानं कॉमेंट्रीवाल्याच्या हातातून माइक घेतला. दोन्ही टोकांच्या लाउडस्पीकरवरून, अख्ख्या गावाला आणि चार सोसायट्यांना ऐकू जाईल असा तिचा आवाज घुमला.

“पोराव, ऐका. गोटीला लागला नि तासाभरान दुखना थांबला नाय, नाय तं उलटी झाली, नाय तं सुजला, तं टाचांवर आपटायचा नाय. बेंबी बसवायला माझेकडं यायचा नाय. सरल डॉक्टरकडं जायाचा. आनि दुखत नसला पन कडक गाठ लागली, तरी जायाचा. लाजायचा नाय.”

पोरं खिदळायला लागली. बायकांनी पदर तोंडाला लावले. आत्या थांबली नाही.

“हसू नका. एक पोऱ्या माझेकडं आनलेला. पोट दुखतंय बोलला. मी खाली बघितला नाय, चोलत बसले. त्याचा एक माझे हातान गेला.”

नाव तिनं घेतलं नाही, घेणारही नव्हती.

खेळायला तयार उभा असलेला निकेश रेषेवरून निघाला, चालत तिच्यापर्यंत गेला आणि तिच्या हातातल्या माइकपाशी वाकून म्हणाला, “तो पोऱ्या मी हाय. आनि दुसरा हिनंच वाचवला.” मग तिच्या पाया पडला.

मला धसका बसला, मी मानसीकडे बघितलं. ती म्हणाली, “मला लग्नाआधीच सांगितलंय मॅडम, सगळं,” आणि दोन बोटं तोंडात घालून पोरांसारखी कडक शिट्टी मारली. तिच्यामागून सगळं मैदान वाजायला लागलं.

सामना सुरू झाला. निकेश पहिल्याच चढाईत पकडला गेला. तिघं अंगावर पडले, तो खाली. सवयीनं दोन पोरं धावली, काखेत हात घालून त्याला उचललं, पाय अधांतरी. आत्याच्या हातात माइक अजून होताच.

“खाली ठेवा त्याला. पयले विचारा, कुटं लागला?”

पोरांनी त्याला अलगद जमिनीवर ठेवलं. कप्तान त्याच्यावर वाकला. सगळं गाव कान देऊन उभं होतं, मीही खुर्चीतून उठले होते.

निकेशनं एक हात वर केला.

“गुडघ्याला, आत्या.”